कळफलकाचा मितव्यय आणि लिहिणाऱ्याचे अवधान : जुन्नर-आंबेगावच्या स्थलनामांवरून एक परीक्षण

१

लेखनसाधनाची परीक्षा दोन अंगांनी करता येते. ते साधन हाताला किती श्रम देते, हे पहिले अंग. आणि ते लिहिणाऱ्याचे मन कोठे गुंतवून ठेवते, हे दुसरे. पहिले अंग मोजता येते, म्हणून त्याची चर्चा फार झाली. दुसरे सहजासहजी मोजता येत नाही, म्हणून ते बहुधा दृष्टीआड राहिले. संगणकावर मराठी लिहिण्याच्या सोयींसंबंधी आजवर जो विचार झाला, त्यात हा असमतोल स्पष्ट दिसतो. अमुक मांडणीत बोटांना कमी हालचाल करावी लागते, तमुक पद्धतीत शिकण्याचे कष्ट नाहीत, अशा विधानांवर वाद संपतो. लिहिणाऱ्याचे डोळे त्या वेळी कोठे असतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न केवळ तत्त्वतः चर्चिण्यापेक्षा एखाद्या लहान पण निश्चित सामग्रीवर तपासून पाहणे अधिक उपयुक्त होईल. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतील स्थलनामे ही अशी सामग्री आहे. विशेषनाम ही कोणत्याही लेखनव्यवस्थेची खरी कसोटी होय. सामान्य शब्द चुकीचा लिहिला गेला तर वाचक संदर्भावरून तो मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. विशेषनामाच्या बाबतीत असा संदर्भ साह्याला येत नाही. ते चुकले की दुसरेच नाव होते. शिवाय गावाचे, शेताचे किंवा खातेदाराचे नाव हे केवळ वाचण्यासाठी नसते; त्यावर हक्क उभा असतो. म्हणून कळफलकाच्या सोयीचा विचार कादंबरीच्या पानापेक्षा सात-बाराच्या उताऱ्यावर करणे अधिक सयुक्तिक आहे.

२

लेखनात श्रम वाचवण्याची धडपड नवी नाही, आणि या प्रदेशाला तर ती अपरिचित मुळीच नाही. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम सीमेवर, नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला समजल्या जाणाऱ्या या लेखात यज्ञांची आणि दक्षिणांची नोंद असून त्यातील संख्याचिन्हांमुळे तो भारतीय अंकलेखनाच्या इतिहासातही महत्त्वाचा ठरला आहे. त्या काळच्या प्राकृत शिलालेखांचा एक सर्वसामान्य विशेष असा की, उच्चारात द्वित्त असलेले व्यंजन ते बहुधा एकेरीच कोरतात. दगडात अक्षर खोदणाऱ्याचे श्रम त्यामुळे वाचतात. पण ते नाहीसे होत नाहीत. गाळलेले द्वित्त वाचकाला आपल्या भाषाज्ञानातून भरून काढावे लागते. लेखकाने वाचवलेले श्रम वाचकाच्या माथी जातात, एवढाच त्याचा अर्थ.

मोडी लिपीची गोष्ट वेगळी नाही. हात न उचलता वेगाने लिहिता यावे, या गरजेतून तिचे वळण घडले, आणि त्या वेगासाठी तिने इकार-उकारांतील ऱ्हस्वदीर्घाचा भेद सोडून दिला. कारकुनाची लेखणी त्यामुळे धावली. मात्र कागद वाचणाऱ्याला संदर्भ, सराव आणि त्या मुलखाची माहिती या तिन्हींचा आधार घ्यावा लागला. शतकानुशतके एकाच परगण्यातील कागद त्याच परगण्यातील माणसे वाचत होती, तोवर हा व्यवहार निभावला. परका वाचक आला की तो अडतो, हे मोडी दप्तरे चाळणाऱ्या प्रत्येक अभ्यासकास ठाऊक आहे.

टंकलेखनयंत्राने हा प्रश्न तिसऱ्या प्रकारे उभा केला. इंग्रजीसाठी घडलेल्या चौकटीत देवनागरीची अक्षरे बसवायची, तर कळा अपुऱ्या पडत. रेमिंग्टन पद्धतीच्या मांडणीने त्यावर अक्षराचे अवयव वेगळे करण्याचा तोडगा काढला. तेथे ‘ख’ हे अक्षर अर्धा ख आणि काना अशा दोन दाबांनी सिद्ध होते. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते म्हणून ती आधीच उमटवायची; रफार अक्षरावर बसतो म्हणून तो नंतर. म्हणजे ही मांडणी उच्चाराच्या क्रमाने न चालता आकृतीच्या क्रमाने चालते. यंत्राच्या या अडचणी इतक्या प्रभावी होत्या की, यंत्र बदलण्याऐवजी लिपीच बदलावी असा विचार बळावला. सावरकरांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी आणि १९५३ साली लखनौच्या परिषदेने सुचवलेली उजवीकडची ऱ्हस्व वेलांटी ही त्या विचाराची ठळक उदाहरणे होत. यांपैकी कोणतीही सुधारणा मराठीत सार्वत्रिक झाली नाही. लिपी टिकली, यंत्र मागे पडले. साधनाच्या सोयीसाठी भाषेला मुरड घालण्यापूर्वी किती विचार करावा, याचा हा इतिहास बोलका आहे.

३

संगणकाने अवयव जोडण्याचे काम स्वतःकडे घेतले आणि कळफलकाची आकृतीपासून सुटका केली. कळ दाबली की वर्णाचा संकेत साठवला जातो, आणि त्या वर्णाने पडद्यावर कोणते रूप घ्यावे हे आज्ञावली ठरवते. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ हे मानक प्रसिद्ध केले. भारतीय लिप्यांच्या संकेतावलीबरोबरच ‘इन्स्क्रिप्ट’ ही कळफलकाची मांडणीही त्यात अंतर्भूत आहे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे नेले आणि या मांडणीच्या प्रसारास हातभार लावला.

इन्स्क्रिप्टची रचना भाषाशास्त्राच्या अभ्यासकास समाधान देणारी आहे. स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताकडे, व्यंजने उजव्या हाताकडे. अल्पप्राण वर्ण साध्या कळेवर, त्याचा महाप्राण त्याच कळेवर शिफ्टसह : क आणि ख, ग आणि घ, त आणि थ. स्वरचिन्ह साध्या कळेवर, तोच स्वर स्वतंत्रपणे शिफ्टसह. हलन्ताचे चिन्ह मधल्या ओळीत, डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. वर्ण उच्चाराच्या क्रमाने दाबायचे. ‘शि’ लिहिताना आधी श, मग वेलांटी. व्यंजन आणि स्वर आलटून पालटून येत असल्यामुळे दोन्ही हातांना आळीपाळीने काम मिळते. पाणिनीय वर्णविचाराची शिस्त येथे बोटांपर्यंत उतरली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तिच्यासमोर आज उभी आहे ती रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची पद्धत. इंग्रजीचा कळफलक हाताखालचा असतो. शब्द रोमन अक्षरांत लिहावा आणि आज्ञावलीने त्याचे देवनागरी रूप सुचवावे, ही ती पद्धत होय. तिला वेगळे शिक्षण लागत नाही, हा तिचा निर्विवाद गुण आहे. तिच्या प्रसारामुळे जे कधीच मराठी टंकलेखन शिकले नसते असे असंख्य लोक मराठी लिहू लागले, हेही मान्य केले पाहिजे.

या दोन पद्धतींची तुलना बोटांच्या श्रमांवर करून पाहावी. जुन्नर, आंबेगाव, घोडेगाव, मंचर, ओतूर, नारायणगाव, पिंपळवंडी, माळीण, लेण्याद्री आणि शिवनेरी ही दहा नावे घेतली, तर इन्स्क्रिप्टमध्ये त्यांना अनुक्रमे ६, ७, ७, ४, ४, ९, ९, ५, १० आणि ७, म्हणजे एकूण ६८ दाब लागतात. रोजच्या सवयीच्या रोमन स्पेलिंगाने तीच नावे लिहिली, तर ६, ७, ८, ७, ४, १०, ११, ५, ८ आणि ८, असे ७४ दाब होतात. इन्स्क्रिप्टमध्ये नऊ ठिकाणी शिफ्टची कळही दाबावी लागते. तो दाब स्वतंत्र धरला तर ६८ चे ७७ होतात. तात्पर्य, एका हिशेबाने इन्स्क्रिप्ट सहा दाबांनी पुढे, तर दुसऱ्या हिशेबाने तीन दाबांनी मागे. दहा नावे ही सामग्री लहान आहे आणि तीवरून सबंध भाषेविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. तथापि एवढे नक्की की, केवळ दाब मोजून या वादाचा निकाल लागण्यासारखा नाही. ज्या फरकावर इतका भर दिला जातो तो फरक जवळजवळ नाहीच.

४

मग फरक कोठे आहे? तो पाहण्यासाठी १९८० साली कार्ड, मोरन आणि न्यूएल या तीन संशोधकांनी मांडलेल्या प्रतिमानाकडे वळावे लागते. संगणकावरील कोणतेही काम त्यांनी काही मूलक्रियांत विभागले आणि प्रत्येक क्रियेला सरासरी काळ दिला. सर्वसाधारण टंकलेखकाला एका दाबास ०.२८ सेकंद लागतो. हात कळफलकावरून दुसऱ्या साधनावर नेण्यास ०.४ सेकंद, पडद्यावरील जागा दाखवण्यास १.१ सेकंद. या यादीत एक क्रिया हाताची नाही, मनाची आहे : पुढे काय करायचे याची मानसिक तयारी. तिला त्यांनी १.३५ सेकंद दिले. म्हणजे मनाचा एक थांबा जवळजवळ पाच दाबांच्या किमतीचा होतो. कळफलकाच्या मितव्ययाची चर्चा करणाऱ्यांनी ही एक संख्या सतत समोर ठेवावी, इतकी ती महत्त्वाची आहे.

आता ‘माळीण’ हा शब्द घ्यावा. इन्स्क्रिप्टमध्ये त्याला पाच दाब आणि दोन शिफ्ट, म्हणजे सात क्रिया, १.९६ सेकंद. रोमनमध्ये एम, ए, एल, आय, एन हे पाच दाब, १.४ सेकंद. येथपर्यंत रोमन पद्धत सरस दिसते. परंतु या पाच अक्षरांनी ‘माळीण’ हे नाव ठरत नाही. ए म्हणजे अ किंवा आ, एल म्हणजे ल किंवा ळ, आय म्हणजे ऱ्हस्व किंवा दीर्घ, एन म्हणजे न किंवा ण. चार ठिकाणी दोन-दोन पर्याय, म्हणून एकंदर सोळा रूपे संभवतात. त्यांत ‘मलिन’ही आहे. आज्ञावली त्यांतली काही रूपे यादी करून दाखवते आणि लिहिणाऱ्याने निवडायचे असते. यादीकडे पाहून ठरवण्याचे १.३५ आणि निवडीच्या कळेचे ०.२८ मिळवले की बेरीज ३.०३ सेकंदांवर जाते.

याला एक उत्तर दिले जाईल. आज्ञावलीने पहिलेच रूप बरोबर सुचवले, तर यादी पाहण्याचे कारण नाही. मग बेरीज १.६८ सेकंद, म्हणजे इन्स्क्रिप्टहून कमी. हे उत्तर गणिताने बरोबर आहे, आणि त्यातच या पद्धतीचे वर्म आहे. सुचवलेले रूप बरोबर आहे हे न पाहता कळणार कसे? वेळेची बचत होते ती फक्त लिहिणाऱ्याने पाहण्याचे सोडले तर. आणि ज्या क्षणी तो पाहण्याचे सोडतो, नेमक्या त्याच क्षणी चुकीचे नाव कागदावर जाण्याची वाट मोकळी होते. या पद्धतीची बचत आणि तिचा धोका या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

इन्स्क्रिप्टमध्येही चुका होतात, हे उघड आहे. पण त्या चुका बोटांच्या असतात. ठरलेली कळ ठरलेला वर्णच देते. त्यात यंत्राचे अनुमान नसते. म्हणून सराव झाल्यावर हात आपले काम करत राहतो आणि डोळे मोकळे होतात. हे मोकळे डोळे कशासाठी हवेत? गावच्या दप्तरात नाव लिहून घेणाऱ्यासमोर बहुधा एक माणूस उभा असतो आणि टेबलावर एक जुना कागद असतो. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हटले जाते, ते असोत वा सेवाकेंद्रातील चालक, त्यांचे अवधान त्या माणसाच्या उच्चाराकडे आणि कागदावरील अक्षराकडे असायला हवे. पडद्यावरील यादी हे अवधान प्रत्येक शब्दागणिक ओढून घेते.

टंकलेखनाच्या परीक्षांनीही या प्रश्नाकडे दुर्लक्ष करण्यास हातभार लावला आहे. शासकीय लिपिकपदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द मागितला जातो. ही अट समोर ठेवलेल्या उताऱ्याची नक्कल करण्याची गती मोजते. ऐकलेले नाव लिहिणे, जुन्या अक्षरातून नवे अक्षर ओळखणे, शंका आली की थांबून विचारणे, ही जी दप्तरातील लेखनाची खरी कौशल्ये, त्यांचा या मापात समावेश नाही.

रोमन पद्धतीतही संदिग्धता पुरती टाळता येते, असा आक्षेप येथे कोणी घेईल. आयट्रान्ससारख्या योजनांनी मूर्धन्य वर्णांना व दीर्घ स्वरांना मोठी रोमन लिपी नेमून दिली आहे आणि तेथे यादीची गरज उरत नाही. पण मग ‘माळीण’साठी अन्त्य अकारासह सहा दाब आणि चार शिफ्ट लागतात, म्हणजे दहा क्रिया, शिवाय या संकेतांचे वेगळे शिक्षण लागतेच. न शिकता लिहिता येणे आणि निःसंदिग्ध लिहिता येणे या दोन गोष्टी रोमन पद्धतीत एकत्र नांदू शकत नाहीत. लॅरी टेस्लर या संगणकतज्ज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम असे सांगतो की, कोणत्याही व्यवस्थेतील गुंतागुंतीचा काही भाग अटळ असतो. प्रश्न एवढाच, की तो कोणी सोसायचा. नाणेघाटाच्या शिल्पकाराने तो वाचकावर टाकला, मोडीच्या कारकुनानेही वाचकावरच टाकला. आजची आज्ञावली तो आपण सोसला असे भासवते आणि अखेर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांवर टाकते.

५

इन्स्क्रिप्टचे हे समर्थन निरपवाद नाही. मराठीच्या दृष्टीने तिच्यात काही उणिवा आहेत आणि त्या स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. वरील दहा नावांत शिफ्टचे जे नऊ प्रसंग आले, त्यांपैकी पाच केवळ ‘ळ’ आणि ‘ण’ या दोन वर्णांमुळे आले : ‘ळ’ दोनदा, ‘ण’ तीनदा. उरलेले चार आ, ओ, घ आणि श यांचे. मराठीत ‘ळ’ आणि ‘ण’ हे नित्याचे वर्ण आहेत. या दोन तालुक्यांत तर आळे, कळंब, आपटाळे, माणिकडोह, इंगळून अशी नावे पावलोपावली भेटतात. तरीही हे दोन्ही वर्ण शिफ्टच्या आड आहेत, आणि जो नुक्ता प्रमाण मराठी लेखनात जवळजवळ लागत नाही त्याला मात्र साधी कळ मिळाली आहे. याचे कारण उघड आहे. ही मांडणी कोण्या एका भाषेसाठी केलेली नसून सर्व भारतीय लिप्यांना एकच चौकट देण्यासाठी केलेली आहे. देवनागरीत शिकलेला हात तेलुगू किंवा बंगालीतही चालावा, हे तिचे ध्येय. ते ध्येय मोठे आहे. पण त्याची किंमत प्रत्येक भाषेला आपापल्या खास वर्णांच्या रूपाने द्यावी लागते. इंग्रजी कळफलकाची फेररचना करताना १९३६ च्या सुमारास ड्वोराकने वर्णांची वारंवारता आधारभूत मानली होती. मराठीची वारंवारता आधारभूत मानणारी एखादी प्रमाण मांडणी शासनव्यवहारात रुळलेली नाही, ही वस्तुस्थिती आहे.

दुसरी उणीव शिकण्याची. कार्ड आणि त्यांचे सहकारी यांचे प्रतिमान कुशल व न चुकणाऱ्या माणसाला गृहीत धरते. नवशिक्याला इन्स्क्रिप्टची प्रत्येक कळ शोधावी लागते. त्याच्यापुरता मनाचा थांबा दर शब्दाला नसून दर अक्षराला आहे. त्याला रोमन पद्धत सोयीची वाटली तर त्यात नवल नाही. म्हणून येथे केलेला निवाडा सर्वांना सरसकट लागू करणे अन्यायाचे होईल. वर्षाकाठी एखादा अर्ज लिहिणारा शेतकरी आणि दररोज शेकडो नावे नोंदवणारा कर्मचारी यांच्या गरजा भिन्न आहेत. आक्षेप आहे तो पहिल्याची सोय दुसऱ्याच्या कामाचे मानदंड बनण्याला.

तिसरी गोष्ट उणीव म्हणून नव्हे, तर न्यायबुद्धीने नोंदवली पाहिजे. देवनागरी लेखनही संपूर्णपणे निःसंदिग्ध नाही. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’चे उच्चार वेगळे असून लिपी ते एकाच चिन्हाने दाखवते. तथापि ही संदिग्धता प्रमाण लेखनाने स्वीकारलेली, सर्वांना सारखी आणि स्थिर आहे. रोमन स्पेलिंगातून उद्भवणारी संदिग्धता तशी नाही. ती भाषेबाहेरून येते. ‘खोरे’ या शब्दाचे सामान्यरूप हे तिचे उत्तम उदाहरण होय. कुकडीच्या, मीनेच्या किंवा घोड नदीच्या ‘खोऱ्यात’ असे लिहिताना मराठीला ‘ऱ’ची आवश्यकता आहे, इन्स्क्रिप्टमध्ये त्याला स्वतःची कळ आहे. रोमनमधून ‘खोऱ्यात’ आणि ‘खोर्यात’ हा भेद लिहिणाऱ्याच्या हाती नसून यादीच्या हाती असतो. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला अर्थभेद जिला महत्त्वाचा वाटतो, त्या भाषेने हा भेद यंत्राच्या मर्जीवर सोडावा काय, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

६

कळफलकाची मांडणी हा साधनाचा एक भाग झाला. पडद्यावरील मांडणी, म्हणजे ज्याला इंटरफेस म्हणतात तो, दुसरा भाग. आणि अवधानाचा खरा अपव्यय पुष्कळदा तेथे होतो. जेफ रास्किन यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, माणसाच्या अवधानाचे केंद्र एका वेळी एकच असते, आणि साधनाची ‘अवस्था’ त्या केंद्राच्या बाहेर दर्शवली असेल तर चूक ही अपघात न राहता नियम होते. मराठी लिहिणाऱ्याला याचा अनुभव इंग्रजी लिहिणाऱ्याहून अधिक येतो. त्याचा कळफलक दोन अवस्थांत असतो, मराठी आणि इंग्रजी. आणि त्यांपैकी कोणती चालू आहे हे सांगणारे चिन्ह पडद्याच्या एका कोपऱ्यात असते. डोळे रकान्यावर, चिन्ह कोपऱ्यात. परिणामी पहिला शब्द चुकीच्या लिपीत उमटतो, पुसावा लागतो, लिपी बदलावी लागते, पुन्हा लिहावा लागतो.

जमिनीच्या नोंदीत तर ही अदलाबदल पदोपदी असते. खातेदाराचे नाव मराठीत, गट क्रमांक अंकांत, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, संपर्काचा पत्ता कधी रोमनमध्ये. प्रत्येक रकान्याला आपली लिपी कोणती हे आधीच माहीत असते. ते लिहिणाऱ्याने दर वेळी सांगण्याचे वास्तविक कारण नाही. रकान्यात प्रवेश होताच कळफलकाने त्या लिपीची अवस्था घ्यावी, आणि चालू अवस्था कोपऱ्यात न दाखवता कर्सरच्या रूपातच दाखवावी, एवढ्या साध्या सुधारणेने पुष्कळ मानसिक थांबे वाचतील. एका रकान्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी हात कळफलकावरून उचलावा लागू नये, आणि टॅबच्या कळेने होणारा प्रवास कागदी नमुन्याच्या क्रमानेच व्हावा, ही अपेक्षाही अवाजवी नाही.

आज्ञांच्या कळांचा विचारही याच दृष्टीने करावा लागेल. मजकूर जतन करण्यासाठी कंट्रोलबरोबर एस दाबतात, कारण त्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर एस आहे. इन्स्क्रिप्टने लिहिणाऱ्याच्या बोटाला ती कळ एकारमात्रेची म्हणून ठाऊक असते. इंग्रजी जाणणाऱ्यास जी कळ आठवणीचा आधार, ती त्याला केवळ पाठांतर. जेथे एकेका साध्या अक्षराने आज्ञा दिली जाते, तेथे तर मराठी अवस्थेत आज्ञेऐवजी ‘र’ किंवा ‘क’ उमटण्याचा संभव असतो. मराठीसाठी आज्ञावली करणे म्हणजे तिच्यावरील शब्दांचे भाषांतर करणे, अशी जी समजूत आढळते, ती किती अपुरी आहे हे यावरून लक्षात येईल.

सुचवण्याच्या यादीलाही योग्य स्थान आहे. ग्रामनामे ही मोजकी आणि अधिकृतपणे ठरलेली असतात. तेथे आज्ञावलीने तालुक्यातील गावांचीच यादी ठेवून आद्याक्षरावरून नाव निवडू द्यावे; तसे केल्याने श्रमही वाचतात आणि चूकही टळते. खातेदारांची नावे, आडनावे आणि शेतांची स्थानिक नावे यांची गोष्ट निराळी. आडनावे आणि शेतांची नावे यांना अंत नाही. वारंवारतेवर चालणारी यादी नित्याच्या शब्दाला पुढे आणि विरळ शब्दाला मागे ठेवते. तो तिचा स्वभावच आहे. दोन्ही तालुक्यांचा पश्चिमेकडील डोंगरी भाग मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजांच्या वस्तीचा आहे. अंजनावळे, सुकाळवेढे, कोंढवळ ही तिकडची गावे. रोमनमधून लिहिताना त्यांतील ‘ळ’ आणि ‘ढ’ या दोन्ही वर्णांवर गंडांतर येते. गावांचे हे, तर तेथील शेतांच्या नावांचे काय? ज्या नावांचा लेखी वापर सर्वांत कमी, तीच नावे बदलून जाण्याचा धोका सर्वांत अधिक. म्हणून अशा रकान्यांत यंत्राने सुचवावे, पण लिहिलेले रूप आपण होऊन बदलू नये, हा दंडक असला पाहिजे.

७

चुकीचे नाव दुरुस्त करता येते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ मध्ये लेखनदोष सुधारण्याची तरतूद आहे. पण तरतूद असणे आणि दुरुस्ती होणे यांच्यामध्ये अर्ज, पुरावा, खेपा आणि बुडालेली मजुरी असते. टंकताना वाचलेला एक सेकंद आणि खातेदाराने दुरुस्तीसाठी घालवलेले दिवस यांची तुलना कोणत्याही प्रतिमानात केलेली नाही, कारण पहिला खर्च साधन वापरणाऱ्याचा आणि दुसरा साधन कधीही न पाहिलेल्याचा. कार्यक्षमतेचे माप ठरवताना या दुसऱ्या माणसाला हिशेबाबाहेर ठेवणे, हाच प्रचलित विचारातला मुख्य दोष होय.

नावाचे मोल या प्रदेशाला वेगळे सांगण्याची गरज नाही. आंबेगाव हे ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले ते मूळ गाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो आणि आंबेगाव आज मुख्यतः कागदोपत्री व लोकांच्या तोंडी उरले आहे. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून माळीण गाव गाडले गेले, दीडशेच्या वर माणसे मृत्युमुखी पडली. पुढे गाव दुसऱ्या जागी वसवले गेले. गाव हलले, नाव राहिले. अशा ठिकाणी नोंदीतील नाव हा मागच्या गावाचा उरलेला भाग असतो. त्याच्या ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होणे ही केवळ शुद्धलेखनाची बाब राहत नाही.

या परीक्षणाचा निष्कर्ष रोमन पद्धतीच्या विरोधात किंवा इन्स्क्रिप्टच्या कौतुकात शोधू नये. दाबांची संख्या दोहोंत जवळपास सारखीच निघते, आणि दोहोंना आपापले वापरकर्ते आहेत. निष्कर्ष एवढाच की, लेखनसाधनाचे मूल्यमापन करताना त्याने किती दाब वाचवले याबरोबर ते वाचवण्यासाठी डोळ्यांना कोठे पाहायला लावले, हे विचारले पाहिजे. ज्या नोंदीवर कोणाचा हक्क अवलंबून आहे, तेथे लिहिणाऱ्याची नजर पडद्यावरील यादीत न अडकता नाव सांगणाऱ्या माणसाकडे आणि समोरच्या कागदाकडे राहील, असेच साधन उत्तम मानावे. मग त्यात दोन दाब अधिक लागले तरी चालतील.